सहा माणसं, तीन 'डुकरं' आणि चार महिने दाबून ठेवलेली बातमी

परवा एका ग्रुपवर एक रील आली. मागे ढोलताशा, वर मोठ्या अक्षरात 'फक्त सहा जवानांनी दोन महाकाय युद्धनौका बुडवल्या', आणि खाली कमेंटचा पाऊस. गोष्ट इटलीची, फोटो अमेरिकन कमांडोंचे आणि बुडणारं जहाज कुठल्या तरी सिनेमातलं. ज्यांनी पाठवली त्यांना मी विचारलं, हे कुठलं, कधीचं? उत्तर आलं, "साहेब, अभिमान वाटला म्हणून टाकलं."

गंमत म्हणजे गोष्ट खरी आहे. पण रील जिथे संपते तिथून पुढेच ती विचार करण्यासारखी होते. आपल्याकडे गुप्त कारवायांवर, पुराव्यांवर, 'सांगावं की सांगू नये' यावर दर दोन-चार महिन्यांनी हाणामारी चालते. त्या वादात ही जुनी गोष्ट उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी ते यंत्र काय होतं ते समजून घेऊ.

पाणबुडी आपल्याला माहीत आहे. पाणबुडे, म्हणजे पाण्याखाली जाणारी माणसं, तेही माहीत आहेत. या दोघांच्या मधली एक चीज असते. शत्रूच्या बंदरात मोठी पाणबुडी घुसू शकत नाही. पाणी उथळ, तोंडाला लोखंडी जाळं, वर पहारा. माणूस पोहत जाऊ शकतो, पण दोन-तीन किलोमीटर थंडगार पाण्यात पोहून, वर पुन्हा शंभर-दोनशे किलोची स्फोटकं ओढून नेणं शक्य नाही. मग या माणसांना आणि त्यांच्या ओझ्याला पाण्याखालून जहाजाच्या पोटापर्यंत पोचवणारं छोटं वाहन लागतं. आज त्याला स्विमर डिलिव्हरी व्हेइकल म्हणतात. त्यातल्या बहुतेकांत माणूस कोरडा बसत नाही. वाहनात पाणी भरलेलंच असतं, आणि माणूस श्वासाचं उपकरण लावून त्या पाण्यात बसतो. थोडक्यात, पाण्याखालची मोटारसायकल.

१९४१ साली तर ती शब्दशः मोटारसायकलच होती. जुन्या टॉर्पेडोसारखी सुमारे सात मीटर लांबीची नळी, घेर बेताचा, आत बॅटरी आणि विजेची मोटर. वर दोन जण एकामागे एक, घोड्यावर बसल्यासारखे पाय टाकून बसायचे. पुढच्याच्या हातात सुकाणू, समोर होकायंत्र आणि खोली दाखवणारं घड्याळ. वेग ताशी पाचेक किलोमीटर, म्हणजे चालणाऱ्या माणसाइतका. नळीचं टोक सुटं करता यायचं, आणि त्या टोकात अडीचशे-तीनशे किलो स्फोटकं. काम असं, की जहाजाखाली जायचं. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी लांब कंगोरे असतात. एका कंगोऱ्याला चिमटा लावायचा, दोरी पलीकडे न्यायची, दुसऱ्या कंगोऱ्याला दुसरा चिमटा. मग त्या दोरीला मधोमध स्फोटकांचं टोक टांगायचं, घड्याळ लावायचं आणि उरलेल्या नळीवर बसून निघून जायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण अंधार एवढा की हात दिसत नाही. श्वासासाठी शुद्ध ऑक्सिजन, कारण साध्या हवेचे बुडबुडे वर जातात आणि पहारेकऱ्याला दिसतात. सोडलेला श्वास चुन्यासारख्या पावडरीतून गाळून परत तोच घ्यायचा. आणि हाच शुद्ध ऑक्सिजन जरा जास्त खोल गेलं की विष होतो. माणसाला झटके येतात, शुद्ध जाते. पावडरीत पाणी शिरलं तर घसा भाजतो. यंत्र वारंवार बिघडायचं, ऐन वेळी तळाला जाऊन बसायचं. म्हणून त्याच्या स्वारांनी वैतागून त्याला नाव ठेवलं 'मायाले', म्हणजे डुक्कर. कागदोपत्री नाव होतं 'मंदगती टॉर्पेडो'.

ही कल्पना इटालियन लोकांना सुचली ती पहिल्या महायुद्धात. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर राफाएले रोसेत्ती हा अभियंता आणि राफाएले पाओलुच्ची हा डॉक्टर, असे दोघे असंच एक ओबडधोबड यंत्र घेऊन पोला बंदरात घुसले. श्वासाचं उपकरण नव्हतं, डोकं पाण्यावर ठेवूनच गेले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या 'व्हिरिबुस युनिटिस' या युद्धनौकेला त्यांनी स्फोटकं लावली आणि पकडले गेले. जहाजावर नेल्यावर त्यांना कळलं, की आदल्याच संध्याकाळी ऑस्ट्रियाने हे जहाज नव्या दक्षिण स्लाव राज्याच्या ताब्यात दिलं होतं. म्हणजे ज्यांच्याशी युद्ध होतं ते जहाजावर नव्हतेच. दोघांनी नव्या कप्तानाला, यान्को वुकोविचला, सांगून टाकलं की जहाज उडणार आहे. त्याने माणसं उतरवली. सांगितलेली वेळ टळली, स्फोट झाला नाही. लोकांना वाटलं थाप असेल, काही परत चढले. आणि मग स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, वुकोविचही गेला. पुढे रोसेत्तीला सरकारकडून बक्षीस मिळालं, त्यातला वाटा त्याने वुकोविचच्या विधवेला दिला.

ही घटना लक्षात ठेवा. तेवीस वर्षांनी जवळजवळ असाच प्रसंग पुन्हा येणार आहे.

१९३५ च्या सुमाराला तेसेओ तेसेई आणि एलिओस तोस्की या दोन तरुण नौदल अभियंत्यांनी जुनी कल्पना सुधारून नवं यंत्र बनवलं. तेव्हा इटलीने अबिसिनियावर हल्ला केला होता आणि इंग्लंडशी वाजण्याची लक्षणं होती. ब्रिटिश आरमाराशी समोरासमोर लढण्याची ताकद नाही, मग चोरपावलांनी जाऊ, असा हिशेब. दुर्बळाचं हत्यार म्हणा.

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि या हत्याराची परीक्षा सुरू झाली. रीलमध्ये हा भाग कधीच नसतो.

ऑगस्ट १९४० मध्ये 'इरिदे' ही पाणबुडी डुकरं घेऊन जायच्या तयारीत लिबियाच्या किनाऱ्याजवळ होती. ब्रिटिश विमानांनी ती तिथेच बुडवली. सप्टेंबरअखेर 'गोंदार' ही दुसरी पाणबुडी अलेक्झांड्रियाजवळ पोचली, तर बंदरातलं आरमार बाहेर गेलेलं. परत फिरताना ब्रिटिशांच्या बाजूच्या जहाजांनी तिला गाठून बुडवलं. जे पकडले गेले त्यात यंत्राचा एक जनक, तोस्की, होता. त्याला कुठे ठेवलं? आपल्याकडे. हिमाचलात धर्मशाळेजवळ योल नावाचं गाव आहे, तिथे इटालियन अधिकाऱ्यांची मोठी युद्धकैद्यांची छावणी होती. भूमध्य समुद्रातलं पाण्याखालचं वाहन बनवणारा माणूस धौलाधारच्या बर्फाकडे बघत बसला होता. तिथून त्याने पळून जायचे अनेक प्रयत्न केले, पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं.

ऑक्टोबर १९४० मध्ये जिब्राल्टर. तीन डुकरं सोडली, एकही यशस्वी नाही. जीनो बिरिंदेल्लीचं यंत्र तळाला बसलं. त्याने ते समुद्राच्या तळावरून हाताने ओढत 'बारहॅम' या युद्धनौकेच्या दिशेने नेलं, पण थोडक्यात कमी पडलं आणि तो कैद झाला. जुलै १९४१ मध्ये माल्टावर हल्ला झाला, तो पुरता फसला. बरीच माणसं गेली आणि त्यात यंत्राचा दुसरा जनक, तेसेई, मारला गेला. पहिलं खरं यश आलं सप्टेंबर १९४१ मध्ये, पुन्हा जिब्राल्टरला, आणि तेही मालवाहू आणि तेलवाहू जहाजांवर.

म्हणजे सव्वा वर्षात दोन पाणबुड्या गेल्या, यंत्र बनवणाऱ्या दोघांपैकी एक कैदेत आणि एक मेलेला. एवढं झाल्यावर अलेक्झांड्रिया येतं.

३ डिसेंबर १९४१ ला 'शिरे' ही पाणबुडी इटलीतल्या ला स्पेझियाहून निघाली. पाठीवर तीन मोठे लोखंडी नळकांडे, प्रत्येकात एक डुक्कर. कप्तान युनिओ व्हालेरियो बोर्गेझे. स्वार मागाहून विमानाने ग्रीसजवळच्या लेरोस बेटावर आले आणि तिथून पाणबुडीत चढले. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी शिरे अलेक्झांड्रियाच्या तोंडापासून अडीच-तीन किलोमीटरवर पोचली. तीन जोड्या पाण्यात उतरल्या. लुइजी दुरांद दे ला पेन्ने आणि एमिलिओ बियांकी. अंतोनियो मार्चेल्या आणि स्पार्ताको स्केर्गात. विन्चेन्झो मार्तेलोत्ता आणि मारिओ मारिनो. पाणबुडी माघारी वळली. या सहा जणांना परत न्यायला ती थांबणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं.

वेळेच्या आधी पोचले म्हणून दे ला पेन्नेच्या जोडीने बंदराबाहेर पाण्यातच डबे उघडून खाऊन घेतलं. पुढे अडचण जाळ्याची. पहाऱ्याच्या बोटी अधूनमधून पाण्यात स्फोटकं टाकत होत्या, त्याचे हादरे बसत होते. जाळं कापायचं कसं या विचारात असताना नशीब धावून आलं. ब्रिटिशांच्याच काही विनाशिका बंदरात परतत होत्या, त्यांच्यासाठी जाळं उघडलं. तिन्ही डुकरं त्यांच्याबरोबर आत शिरली.

मार्चेल्या आणि स्केर्गात यांचं काम पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. 'क्वीन एलिझाबेथ' या युद्धनौकेच्या पोटाखाली चिमटे, दोरी, टांगलेलं टोक, घड्याळ सुरू. तीस हजार टनांवरचं हे जहाज म्हणजे ब्रिटिश भूमध्य आरमाराचं मुख्य जहाज. आरमाराचे प्रमुख अॅडमिरल कनिंगहॅम त्यावरच राहत होते. मार्तेलोत्ता आणि मारिनो यांनी 'सगोना' या मोठ्या तेलवाहू जहाजाला स्फोटकं लावली. बेत असा होता की जहाज फुटून तेल पसरेल आणि पाण्यात सोडलेले जळते गोळे ते पेटवतील, सगळं बंदर पेटेल.

दे ला पेन्नेच्या वाट्याला 'व्हॅलियंट' ही दुसरी युद्धनौका आली आणि सगळा त्रासही. जहाजाजवळ पोचल्यावर मागे बसलेला बियांकी दिसेनासा झाला. श्वासाच्या त्रासाने शुद्ध हरपून तो वर तरंगत गेला होता. यंत्र तळाला बसलं, पंख्यात तार अडकली, मोटर बंद. दे ला पेन्ने एकटा. त्याने ते यंत्र चिखलातून हाताने ओढायला सुरुवात केली. बोटा-बोटाने सरकवत, चष्म्यात पाणी, तोंडात खारं पाणी, सुमारे चाळीस मिनिटं. टांगायला ना दुसरा माणूस, ना अंगात ताकद. जहाजाच्या बरोबर खाली तळावरच स्फोटकं ठेवली, घड्याळ सुरू केलं आणि वर आला. लगेच दिवे पडले, गोळ्या सुटल्या. जहाजाच्या नांगराच्या बोयाला बियांकी चिकटून बसलेला सापडला. दोघंही पकडले गेले. खलाश्यांनी चेष्टा केली, की आले तसे सापडले.

चौकशीत दोघांनी तोंड उघडलं नाही. व्हॅलियंटचे कप्तान चार्ल्स मॉर्गन यांना वास आला होता की काहीतरी शिजतंय. त्यांनी दोघांना जहाजाच्या अगदी तळाशी कोठडीत टाकायला सांगितलं. स्फोटकं असतील तर बोलतील, हा हिशेब. दे ला पेन्नेला ठाऊक होतं की आपल्या पायाखाली काय आहे. तो तसाच बसून राहिला. स्फोटाला दहाएक मिनिटं उरली तेव्हा त्याने पहारेकऱ्याला सांगितलं, कप्तानाकडे न्या. मॉर्गनना म्हणाला, थोड्या वेळात तुमचं जहाज उडणार आहे, माणसं वाचवायची तर वाचवा. स्फोटकं कुठे आहेत हे सांगायला मात्र नकार. मॉर्गननी माणसं वर काढायचा हुकूम दिला आणि याला परत कोठडीत पाठवलं. तोही मुकाट गेला.

सकाळी सहाच्या आसपास एकामागून एक तीन स्फोट झाले. सगोनाचा मागचा भाग फुटला, शेजारी तेल भरून घेणारी 'जर्व्हिस' ही विनाशिका जखमी झाली. तेल मात्र पेटलं नाही. मग व्हॅलियंट. मग क्वीन एलिझाबेथ. कनिंगहॅम तिच्या मागच्या डेकवर होते, धक्क्याने हवेत फेकले गेले. त्या जहाजावर काही खलाशी मेले. व्हॅलियंटवर सगळे वाचले. कोठडीतून धडपडत बाहेर आलेला, जखमी दे ला पेन्नेही वाचला.

उरलेल्या चौघांचं काय झालं तेही सांगतो, कारण कुठल्याही सरकारी कचेरीत काम अडलेल्या माणसाला हे पटेल. मार्चेल्या आणि स्केर्गात फ्रेंच खलाशी असल्याची थाप मारून बंदराबाहेर पडले. रोझेटाच्या किनाऱ्याजवळ एक पाणबुडी त्यांची वाट बघणार होती. खर्चायला पैसे दिलेले होते, पण ते इंग्लंडचे पौंड. इजिप्तमध्ये दुकानात ते चालत नव्हते. बदलून घेण्यात वेळ गेला, संशय आला, गाठायची वेळ हुकली आणि दोघं पकडले गेले. अंधारात समुद्राखाली चूक झाली नाही. चूक झाली ती मागे टेबलावर बसून नोटा मोजणाऱ्याकडून. मार्तेलोत्ता-मारिनो बंदराच्या नाक्यावरच सापडले. सहाच्या सहा कैदेत.

रील इथे संपते. ढोल वाजतो.

आता यातला पत्रकारांच्या कामाचा भाग.

दोन्ही युद्धनौका बुडाल्या म्हणजे नेमकं काय झालं? अलेक्झांड्रियाचं पाणी उथळ होतं. जहाजं तळाला टेकली, पण डेक पाण्याच्या वरच राहिला. लांबून बघणाऱ्याला नेहमीसारखीच उभी दिसणार. कनिंगहॅमनी ठरवलं की काही झालंच नाही असं दाखवायचं. झेंडा रोजच्यासारखा चढायचा, डेकवरचे कार्यक्रम रोजच्यासारखे व्हायचे. इटालियन विमानाने फोटो काढला तर त्यात दोन धडधाकट युद्धनौका दिसाव्यात. ज्यांनी हे केलं ते सहा जण ब्रिटिशांच्या कैदेत, म्हणजे घरी निरोप देणारं कुणी नाही.

ब्रिटिशांची अवस्था काय होती ते बघा. नोव्हेंबरात 'आर्क रॉयल' ही विमानवाहू नौका गेली. २५ नोव्हेंबरला 'बारहॅम' गेली, आठशेहून जास्त माणसांसह. १० डिसेंबरला मलायाजवळ 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' जपान्यांनी बुडवल्या. आणि आता या दोन. पूर्व भूमध्य समुद्रात ब्रिटनकडे चालती एकही युद्धनौका उरली नव्हती. त्या आठवड्यात इटालियन आरमार सगळा जोर लावून बाहेर पडलं असतं तर काय झालं असतं, यावर आजही लिहिलं जातं. इटलीने तसं काही केलं नाही. तेलाचा तुटवडा होता हे खरंच, पण आपण नेमकं काय मिळवलंय याचा पक्का अंदाजही त्यांना वेळेवर आला नाही.

मग ब्रिटिशांनी ही बातमी सगळ्यांपासूनच लपवली का? नाही. २३ एप्रिल १९४२ ला चर्चिलनी संसदेची गुप्त बैठक घेतली. दारं बंद, पत्रकार बाहेर. आणि त्या बैठकीत विरोधकांसकट सगळ्या खासदारांना सांगितलं की अलेक्झांड्रियाला काय झालं, आपली किती जहाजं कामातून गेली. युद्ध ऐन भरात, हार समोर दिसतेय, तरी सांगितलं. चार महिन्यांनी का होईना, पण लोकांनी निवडून दिलेल्या माणसांना सांगितलं.

मला या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. चर्चिल काही आपला लाडका माणूस नव्हे. दुसऱ्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात त्याच्या सरकारने काय केलं ते आपण विसरलेलो नाही. पण शत्रूपासून लपवणं वेगळं आणि आपल्याच लोकांच्या प्रतिनिधींपासून लपवणं वेगळं, हा फरक त्यांच्या व्यवस्थेने पाळला. इटलीत मुसोलिनी होता. तिथे संसद नावापुरती होती, वर्तमानपत्रं सरकार सांगेल ते छापत होती. अशा ठिकाणी हार झाली तरी कुणी प्रश्न विचारत नाही, आणि जीत झाली तरी तिचं पुढे काय करायचं हे विचारणारं कुणी नसतं.

ब्रिटिशांनी आणखी एक केलं. शत्रूला शिव्या देत बसण्याऐवजी शिकले. चर्चिलनी जानेवारी १९४२ मध्येच विचारणा केली, की इटालियन जे करतात ते आपण का करत नाही? हाती लागलेल्या डुकरांवरून त्यांनी स्वतःचं यंत्र बनवलं, नाव 'चॅरियट', म्हणजे रथ. सुरुवात तितकीच वाईट झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये जर्मनांच्या 'टिर्पिट्झ'वर नॉर्वेत हल्ला करायला निघाले, मासेमारीच्या बोटीखाली दोन चॅरियट बांधून. निशाणापासून काही मैलांवर वादळात दोन्ही चॅरियट सुटून समुद्रात गेले. जानेवारी १९४३ मध्ये पालेर्मोला यश आलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये तर थायलंडच्या फुकेट बंदरात जपान्यांच्या ताब्यातल्या दोन जहाजांना चॅरियटवाल्यांनी स्फोटकं लावली. त्यांना नेणारी 'ट्रेंचंट' ही पाणबुडी श्रीलंकेच्या त्रिंकोमालीहून काम करत होती. म्हणजे हे हत्यार आपल्या समुद्रापर्यंत आलं होतं. व्हॅलियंट आणि क्वीन एलिझाबेथही दुरुस्त होऊन याच समुद्रात आल्या. आणि त्रिंकोमालीला ऑगस्ट १९४४ मध्ये दुरुस्तीसाठी तरंगत्या गोदीत चढवलेली व्हॅलियंट गोदीच मोडल्यामुळे पुन्हा जबर जखमी झाली. शत्रू नाही, स्फोट नाही.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि देशाचे दोन तुकडे झाले. दे ला पेन्ने कैदेतून सुटून दोस्तांच्या बाजूने लढला. जून १९४४ मध्ये ला स्पेझियाला, जिथून शिरे निघाली होती त्याच बंदरात, ब्रिटिश चॅरियटवाल्यांबरोबर इटालियन पाणबुडे गेले आणि जर्मनांच्या हाती पडलेलं 'बोल्झानो' हे आपल्याच देशाचं जहाज बुडवलं. बोर्गेझे मात्र मुसोलिनी आणि जर्मनांबरोबर राहिला. त्याच्या माणसांनी इटालियन प्रतिकारकांच्याच विरोधात बंदुका चालवल्या. पुढे १९७० मध्ये त्याने लोकशाही सरकार उलथवायचा कट केला, फसला आणि स्पेनला पळाला. रीलमध्ये ज्या कप्तानाला सलाम ठोकलाय तो हाच. त्याची 'शिरे' ऑगस्ट १९४२ मध्ये हैफाजवळ बुडाली होती, तेव्हा तो तिचा कप्तान नव्हता.

मार्च १९४५ मध्ये तारांतोला दे ला पेन्नेला इटलीचं सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आलं. समारंभाला ब्रिटिश अधिकारी म्हणून चार्ल्स मॉर्गन हजर होते. इटलीच्या युवराजाने पदक त्यांच्याच हाती दिलं, आणि ज्याने आपलं जहाज बुडवलं त्या माणसाच्या छातीवर मॉर्गननी ते लावलं. स्फोटाच्या दहा मिनिटं आधीचा तो निरोप ते विसरले नव्हते.

युद्धानंतरच्या तहात इटलीला असली यंत्रं ठेवायलाच बंदी घातली गेली. पण कल्पनेला बंदी नसते. १९६९ मध्ये इस्रायलच्या कमांडोंनी 'डुकरां'वरूनच जाऊन सुएझच्या आखातात इजिप्तच्या दोन टॉर्पेडो बोटी बुडवल्या. परतताना त्यांच्याच एका यंत्राचा स्फोट होऊन तिघे गेले. अमेरिकेने कोरड्या बसायचं मोठं, प्रचंड खर्चिक वाहन बनवलं. २००८ मध्ये पर्ल हार्बरला बॅटरी चार्ज करताना ते जळालं आणि सगळा प्रकल्पच गुंडाळला. ऐंशी वर्षांत यंत्र बदललं, पण पाण्याखाली माणूस आणि बॅटरी एकत्र नेणं अजूनही सोपं झालेलं नाही.

आता आपल्याकडे येतो.

१९७१. पश्चिम बंगालमध्ये भागीरथीच्या काठावर पलाशी, हो, तीच प्लासीची लढाई झाली ते गाव. तिथे भारतीय नौदलाने एक गुप्त छावणी काढली. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली पोरं, त्यात विद्यार्थी, शेतकऱ्यांची मुलं. त्यांच्यात फ्रान्समधल्या 'मांग्रो' या पाकिस्तानी पाणबुडीवरून पळून आलेले बंगाली नौसैनिकही होते. या पोरांना तासन्‌तास पोहायला शिकवलं. त्यांच्याकडे डुक्कर नव्हतं, रथ नव्हता, ऑक्सिजनचं उपकरणही नव्हतं. पायात फिन, आणि चुंबकाने चिकटणारा लिंपेट सुरुंग गमछ्याने पोटाला बांधलेला. वाहनाचं काम नदीच्या प्रवाहाने करायचं. भरती-ओहोटीचा हिशेब करून पाण्यात उतरायचं. हल्ल्याचा इशारा आकाशवाणी कोलकात्यावर ठरलेलं गाणं लावून दिला गेला. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार ठिकाणी जहाजं फुटली.

या कारवाईच्या सूत्रधारांपैकी एक होते कमांडर मोहन नारायण सामंत, आपले मराठी माणूस. 'करंज' पाणबुडीचे ते पहिले कप्तान. डिसेंबरात 'पद्मा', 'पलाश' आणि 'पनवेल' या लहान बोटी घेऊन ते मोंगला-खुलनापर्यंत आत घुसले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी चुकून हल्ला केला आणि पद्मा, पलाश गेल्या. सामंत पनवेलवर होते. पाण्यात पडलेली माणसं उचलत त्यांनी ती बोट परत आणली. त्यांना महावीर चक्र मिळालं.

किती जणांना ही गोष्ट माहीत होती? पूर्व सीमेवरची ही नौदल कारवाई दशकानुदशकं गुप्त राहिली. सामंतांनी संदीप उन्नीथन यांच्याबरोबर लिहिलेलं पुस्तक आलं ते २०१९ मध्ये, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. त्याच वर्षी सामंत गेले. तोवर ज्या पोरांनी पोटाला सुरुंग बांधले होते ती म्हातारी झाली होती, बरीच गेलीही असतील.

१९७१ मध्ये गुप्तता हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण १९८० मध्ये कुणापासून लपवत होतो? १९९५ मध्ये? शत्रूला तर जहाजं फुटली त्याच सकाळी कळलं होतं. ज्यांना कळलं नाही ते आपण. त्यामुळे त्या माणसांना मान मिळाला नाही, आणि आपल्याच विमानांनी आपल्याच बोटी का बुडवल्या, ओळख पटवण्यात चूक कुणाची, हे प्रश्नही सार्वजनिकरीत्या कुणी धड विचारले नाहीत.

आज आपण दुसऱ्या टोकाला गेलोय. कारवाई संपायच्या आत रील तयार. पण ओरडून सांगणं म्हणजे हिशेब देणं नव्हे. मुसोलिनीच्या इटलीत आरडाओरडा भरपूर होता, हिशेब नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे. लढाई चालू असताना सरकारने लोकांपासून लपवावं, पण संसदेला, बंद दारामागे का होईना, खरं सांगावं. आणि ठरावीक वर्षांनी कागद उघडावेत. मागणाऱ्याला देशद्रोही म्हणू नये. दे ला पेन्नेने शत्रूच्या कप्तानाला दहा मिनिटं आधी खरं सांगितलं. आपल्याच लोकांना पन्नास वर्षांनी तरी सांगायला काय हरकत आहे?

शेवटी एक विनंती. आपल्या कोकणात, घाटावर, कितीतरी घरांत १९७१ साली नौदलात असलेलं कुणीतरी आहे. आता ते पंच्याहत्तरी-ऐंशीचे असतील. रील फॉरवर्ड करायच्या आधी त्यांच्याजवळ तासभर बसा. कुठे होता, काय केलं, काय चुकलं, विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. चुकलेलंही सांगू द्या, मध्ये अडवू नका. कुणाकडे असं काही असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. मी येतो लिहून घ्यायला.